२१ पैकी १३

गेल्या पावसाळ्यात एक आजोबा आपल्या चौदा वर्षांच्या नातीला घेऊन दवाखान्यात आले. नात खो-खो खेळणारी. एका शिबिरात तिच्या हालचालींची चाचणी झाली होती आणि २१ पैकी १३ गुण मिळाले म्हणून तिला संघाबाहेर बसवले होते. कागद माझ्यापुढे सरकवत आजोबांनी विचारले, "डॉक्टरसाहेब, हिचा गुडघा जाणार, असं यात लिहिलंय का?"

ही चाचणी मला ठाऊक होती. खोल बसणे, अडथळा ओलांडणे, खांद्यांची लवचीकता अशा सात हालचाली. प्रत्येकीला जास्तीत जास्त ३ गुण. २००७ साली अमेरिकी व्यावसायिक फुटबॉलपटूंच्या एका छोट्या अभ्यासात १४ किंवा त्याहून कमी गुण असलेल्यांना गंभीर दुखापती अधिक झाल्याचे आढळले आणि १४ हा आकडा लक्ष्मणरेषा होऊन बसला. पुढील अभ्यासांत ती रेषा काही टिकली नाही. २०१६ मध्ये नॉर्वेचे क्रीडावैद्यक तज्ज्ञ रोआल्ड बार यांनी स्पष्टच लिहिले, की अशा चाचण्यांतून दुखापतीचे भाकीत जमत नाही आणि बहुधा कधी जमणारही नाही. कमी गुणांचे कितीतरी खेळाडू धडधाकट राहतात आणि उत्तम गुणांचे जायबंदी होतात.

हे वाचण्यापूर्वीच मी ते अनुभवले होते. एका कबड्डीपटूला सारे तपासून मी 'तंदुरुस्त' असा दाखला दिला होता. तीन आठवड्यांत त्याच्या गुडघ्याचा अस्थिबंध तुटला. त्याच्या आईने मला दोष दिला नाही. दिला असता तर बरे वाटले असते.

प्रशिक्षकांना मी चिठ्ठी लिहिली: मुलीला खेळू द्यावे, आणि सरावाआधी वीस मिनिटे उडी मारून नीट उतरणे, एका पायावर तोल सांभाळणे, मांड्यांचे व्यायाम हे साऱ्या संघाकडूनच करून घ्यावे. फुटबॉल खेळणाऱ्या मुलींमध्ये अशा व्यायामांनी दुखापती कमी झालेल्या आहेत.

निघताना आजोबा खुर्चीचे हात दाबून, दुसऱ्या प्रयत्नात उठले. मी त्यांना पुन्हा बसवले आणि घड्याळ लावले. उठायचे, तीन मीटर चालायचे, वळून परत येऊन बसायचे. १६ सेकंद लागले. १२ किंवा अधिक लागले तर पडण्याचा धोका वाढलेला मानतात.

"म्हणजे मी पडणार?"

नात हसली. "आजोबा, असं यात लिहिलंय का?"

लिहिलेले नव्हतेच. पण कुठे पाहायचे ते त्या आकड्याने सुचवले. उभे राहिल्यावर त्यांचा रक्तदाब उतरत होता, चष्मा चार वर्षांपूर्वीचा होता, आणि झोपेची गोळी कधीकाळी सुरू झालेली तशीच चालू होती. ती हळूहळू कमी केली. न्हाणीघरात धरायला दांडी बसवायला सांगितली.

महिन्याने नात सांगत होती, सकाळी चहा उकळेपर्यंत दोघे ओट्यापाशी एका पायावर उभे राहतात. "आजोबांना ओटा धरावा लागतो. मलाही, पण फक्त डाव्या पायावर."