आधी सेल बघावा



या वर्षी संक्रांतीच्या आदल्या आठवड्यात आमच्या हातून एक चूक झाली. ती झाकून ठेवण्यापेक्षा आपल्या पत्रिकेत लिहावी असे वाटले. तिच्या निमित्ताने थोडी उपयोगाची माहितीही मिळाली, तीही सांगतो.

आमची गाडी २०१० सालची. किल्लीच्या डोक्यातच रिमोट आहे. बटण दाबले की दारे उघडतात. स्नेहसंमेलनाच्या आदल्या दिवशी बक्षिसांची खोकी डिक्कीतून आणायची होती, म्हणून नववीतल्या एका मुलाला आम्ही किल्ली दिली. त्याने खोकी आणली आणि किल्ली आमच्या टेबलावर ठेवली. दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसहाला, इंदूरच्या भर थंडीत, आम्ही बटण दाबले तर गाडी गप्प! दहा वेळा दाबले. किल्ली दाराच्या कुलपात घातली तर कुलूपही जाम. रिमोटच्या सवयीने ते कित्येक वर्षे वापरलेच नव्हते. भाषणाचे कागद गाडीत आणि आम्ही बाहेर. शेवटी रिक्षाने शाळा गाठली.

शाळेत शिरताच त्या मुलाला ऑफिसात बोलावले आणि दोन शिक्षकांसमोर विचारले, "काल किल्ली पाडलीस ना?" तो म्हणाला, "नाही सर." आम्ही म्हणालो, "मग एका रात्रीत बिघडली कशी?" याला तो बिचारा काय उत्तर देणार? मान खाली घालून निघून गेला. त्या दिवशी त्याला चित्रकलेचे बक्षीस होते. ते घेताना त्याने आमच्याकडे पाहिले नाही.

दुपारी घरी आलो. आमच्या सौ.नी सहज बटण दाबले आणि दारे उघडली! दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा तेच मौन. कपाटातली दुसरी किल्ली काढली. तिचाही रिमोट चालेना. खरे तर इथेच आमचे डोके चालायला हवे होते. या दुसऱ्या किल्लीला त्या मुलाचा हातसुद्धा लागला नव्हता! पण आम्ही गेलो गॅरेजवर. तिथे निदान झाले की दोन्ही रिमोट बंद, म्हणजे गाडीतला रिसीव्हर गेला. काही हजारांचा खर्च आहे.

हा नियम तसा बरोबर आहे. एकच रिमोट बंद असेल तर दोष रिमोटमध्ये, दोन्ही बंद असतील तर बहुधा गाडीत. पण नियमालाही अपवाद असतो. जेल रोडवर इलेक्ट्रॉनिक सामान दुरुस्त करणाऱ्या एका कारागिराने किल्ली हातात घेऊन पहिला प्रश्न विचारला, "सर, सेल कब बदला था?" दोन्ही किल्ल्यांचे सेल आम्ही एकाच दिवशी बदलले होते, पण किती वर्षांपूर्वी ते आठवेना. दोघे एकाच वेळी म्हातारे झाले होते. आमच्या किल्लीत सीआर २०३२ हा ३ व्होल्टचा सेल आहे. व्यास २० मिलिमीटर, जाडी ३.२ मिलिमीटर. असा सेल जुना झाला की मीटरवर आकडा बरा दिसतो, पण बटण दाबताच लागणारा प्रवाह तो देऊ शकत नाही, आणि थंडीत तर मुळीच नाही. म्हणून सकाळी बंद आणि दुपारी चालू! पन्नास रुपयांच्या आतला एक-एक सेल घातला आणि दोन्ही रिमोट सुरू झाले.

ज्यांच्याकडे जुन्या गाड्या आहेत त्यांच्यासाठी क्रम सांगतो. प्रथम सेल बदलावा. त्यावर लिहिलेला क्रमांकच घ्यावा, अधिकची बाजू पाहून बसवावा आणि आतल्या पत्र्याच्या पट्ट्या खोडरबराने हलक्या हाताने पुसाव्यात. तरीही एखादे बटण जोरात दाबल्याशिवाय चालत नसेल तर त्याखालचा बारीक स्विच झिजलेला असतो. कारागीर तो नवा डाखून देतो. एकच दार उघडत नसेल तर रिमोटचा दोष नाही. त्या दाराची मोटर किंवा बिजागरीजवळची तुटकी तार पाहावी. सगळेच बंद असेल तर गाडीची बॅटरी आणि फ्यूज तपासावा. रिसीव्हर सर्वांत शेवटी. टीव्हीच्या रिमोटची परीक्षा मोबाईलच्या कॅमेऱ्यातून करतात, ती इथे चालत नाही, कारण हा रिमोट रेडिओ लहरींवर चालतो. आणि महिन्यातून एकदा दार किल्लीने उघडावे, म्हणजे कुलूप जाम होणार नाही.

पालकांना एक विनंती. काढलेला सेल घरात इकडेतिकडे टाकू नये. लहान मुलाने तो गिळला आणि तो अन्ननलिकेत अडकला तर दोन तासांतही आत गंभीर जखम होऊ शकते. अशा वेळी वाट न पाहता ताबडतोब दवाखाना गाठावा.

आता राहिली ती चूक. सोमवारी त्या मुलाला पुन्हा बोलावले, त्याच दोन शिक्षकांसमोर. म्हणालो, "बाळ, तुझं खरं होतं. आम्ही न तपासता तुला दोष दिला. आमची चूक झाली." तो काही क्षण गप्प राहिला. मग म्हणाला, "सर, पण एका गाडीच्या रिमोटने दुसरी गाडी का नाही उघडत?"

फार बरे वाटले. आम्ही त्याला बसवून घेतले आणि सांगितले की प्रत्येक वेळी बटण दाबले की रिमोट नवा आकडा पाठवतो. तो कसा बनवायचा याचे गुपित गणित फक्त त्या रिमोटला आणि त्या गाडीला ठाऊक असते. गाडीपासून दूर असताना बटण थोडे जास्त वेळा दाबले गेले तरी गाडी सांभाळून घेते. पण फारच पुढे गेले तर दोघांचा मेळ तुटतो आणि तो पुन्हा जुळवून घ्यावा लागतो.

पस्तीस मुलांच्या वर्गात एखादे मूल अचानक गप्प होते, एखाद्याचे गुण घसरतात. आपण लगेच म्हणतो, लक्ष नाही, खोडकर आहे. त्याने सकाळी काही खाल्ले का, त्याला फळा नीट दिसतो का, घरी कोणी आजारी आहे का, हे साधे प्रश्न आपण शेवटी विचारतो. निदान आमच्या शाळेत तरी ते आधी विचारले जावेत, असे आम्ही शिक्षकांच्या सभेत ठरवले आहे. घरी आपणही असेच करावे, ही विनंती.

तिळगूळ घ्या, गोड बोला.