गंगेच्या मध्यावर इंजिन थांबले तर

काशीचे घाट पाहावेत ते नावेतूनच. येथे गंगा उत्तरवाहिनी आहे. त्यामुळे इंजिन बंद पडले, की प्रवाह नावेला अस्सीकडून राजघाटाकडे, १८८७ साली खुल्या झालेल्या मालवीय पुलाच्या खांबांच्या दिशेने नेऊ लागतो.

अशा वेळी जाणता नावाडी प्रथम इंजिनाला हात लावीत नाही. तो वल्हे घेतो, भोसले घाटासारखी एखादी जवळची पायरी गाठतो, दोर बांधतो आणि मग दोष शोधतो. पुष्कळदा पंख्यास झेंडूची माळ किंवा वस्त्राची चिंधी गुंडाळलेली असते. ती इंजिन पुरते बंद करूनच काढावी. पंखा मोकळा असेल, तर टाकी पाहावी. डिझेल संपून नळीत हवा शिरली असल्यास, ती बाहेर काढल्यावाचून इंजिन सुरू होत नाही.

आज येथील अनेक नावा सीएनजीवर चालतात. इंधन बदलले, वल्ह्याची गरज मात्र सरलेली नाही. म्हणून नावेत पाऊल ठेवण्यापूर्वी वल्हे आहे ना, आणि प्रत्येकास जीवरक्षक जाकीट आहे ना, एवढे आपण अवश्य पाहावे.