नकार दारातच द्यावा

महाविद्यालयाच्या मेल सर्व्हरची जबाबदारी माझ्याकडे आली, तेव्हा रांग कायम तुंबलेली असायची. उघडून पाहावं तर पडदाभर एकच प्रेषक: मेलर-डिमन. दाराशी पोस्टफिक्सचा गेटवे, आत खऱ्या मेलबॉक्सचा सर्व्हर, अशी जुनी मांडणी होती. आत कोण राहतं हे गेटवेला ठाऊकच नव्हतं. आमच्या डोमेनची मेल आली की तो घ्यायचा, आतला सर्व्हर नाकारायचा आणि मग गेटवे ती ‘परत’ पाठवायचा.

पण परत कुणाला? स्पॅमवर प्रेषकाचा पत्ता बहुधा खोटाच असतो. आमची परतपत्रं भलत्याच माणसाच्या इनबॉक्समध्ये जाऊन पडत. ज्याने आम्हाला कधी ओळही लिहिली नाही, त्याला आमच्यामुळे मनस्ताप, हे मला अजिबात पटेना.

अनोळखी पत्त्यांची मेल गुपचूप टाकून द्या, असं एका सहकाऱ्याने सुचवलं. मी साफ नकार दिला. प्रवेशाची चौकशी करताना एखाद्या पालकाकडून पत्त्यातलं एक अक्षर राहिलं, तर ते उत्तराची वाट पाहतच बसणार.

एसएमटीपीत मजकुराआधी प्राप्तकर्त्याचा पत्ता येतो. तिथेच ‘५५०’ हा नकाराचा कोड दिला, की मेलची जबाबदारी पाठवणाऱ्या सर्व्हरकडेच राहते. तो आपल्या वापरकर्त्याला कळवतो. एकदा मेल स्वीकारली, की ती पोचवणं किंवा न पोचल्याचं कळवणं आपल्या गळ्यात पडतं.

मी आतल्या सर्व्हरवरून सगळ्या पत्त्यांची यादी काढून गेटवेला जोडली, रोज रात्री ती ताजी होईल अशी सोय केली. सुरुवातीला मात्र कायमच्या ५५० ऐवजी तात्पुरता ४५० ठेवला. त्यावर पाठवणारा सर्व्हर पुन्हा प्रयत्न करतो, त्यामुळे यादीतून सुटलेल्याची मेल बुडत नाही. लॉग चाळताना परीक्षा विभागाचा एक जुना पत्ता सारखा अडकताना दिसला. छापील अर्जांवर तोच होता! तो यादीत घातला, मगच ५५० लावला. राखीव एमएक्सला, म्हणजे मुख्य गेटवे बंद असताना मेल घेणाऱ्या सर्व्हरलाही, तीच यादी दिली. नाहीतर स्पॅम त्या वाटेने शिरतो.

दारातच नकार दिला की कोणते पत्ते खरे हे उघड होतं, आणि नावांचा अंदाज घेत ते हुडकणारे येतातच. पण चुका वाढल्या की पोस्टफिक्स आधी उत्तर लांबवतो, मग जोडणीच तोडतो. त्या भीतीपोटी चुकलेल्या प्रामाणिक माणसाला अंधारात ठेवणं मला मान्य नाही. म्हणून आजही नवा सर्व्हर उभा करताना मी स्पॅम फिल्टरच्या आधी पत्त्यांची यादी जोडतो.