जुहूपर्यंत पोचलेला जपानी विद्यार्थी

नारुसे जिन्झो हे नाव बोरिवली लोकलच्या लेडीज डब्यात कुणी ऐकलेलं नसेल. पण त्याच डब्यातून सांताक्रूझला उतरून जुहूच्या एसएनडीटीत जाणाऱ्या मुलींचं या जपानी माणसाशी जुनं नातं आहे.

नारुसे 1890 साली अमेरिकेत शिकायला गेले तेव्हा बत्तिशीत होते. त्याआधी ते धर्मोपदेशक होते, मुलींच्या शाळेत शिक्षकही होते. 1894 ला ते मायदेशी परतले आणि जपानी स्त्रियांसाठी विद्यापीठ उघडायचं म्हणू लागले. ते टोकियोत उघडलं 1901 मध्ये. मला कुतूहल आहे ते मधल्या सात वर्षांचं. परदेशातून आलेल्याचं कौतुक महिनाभर टिकतं. पुढे ‘तिकडे असं असतं’ म्हटलं की घरचेसुद्धा विषय बदलतात. नारुसेंनी पुस्तक लिहिलं, धनिकांचे उंबरे झिजवले. ओसाकाच्या हिरोओका आसाको, स्वतः पेढी चालवणाऱ्या बाई, पाठीशी उभ्या राहिल्या. नारुसेंचं सूत्र असं की मुलीला आधी माणूस म्हणून शिकवा, मग स्त्री म्हणून, मग नागरिक म्हणून. हा क्रम लावायला त्या काळात धाडस लागत होतं.

त्या विद्यापीठाची माहितीपुस्तिका 1915 मध्ये बनारसच्या शिवप्रसाद गुप्तांनी महर्षी कर्व्यांना, म्हणजे अण्णांना, धाडली. पुढच्याच वर्षी अण्णांनी पुण्यात महिला विद्यापीठ काढलं. शिक्षण मातृभाषेतून, हा त्यांचा हट्ट मला आजही मोठा वाटतो. गृहिणीपदाला साजेशा अभ्यासक्रमावरचा त्यांचा भर मात्र पटत नाही. नारुसेंच्या क्रमातलं दुसरं पद तिथे पहिल्याच्या जागी सरकलं, असं वाटतं. विठ्ठलदास ठाकरसींनी 1920 मध्ये पंधरा लाखांची देणगी दिली, आईचं नाव विद्यापीठाला लागून ते एसएनडीटी झालं, आणि 1936 मध्ये मुख्यालय मुंबईत आलं. जुहूचं आवार त्यानंतरचं. सरकारदरबारी मात्र दोन्हीकडे दिरंगाईच. टोकियोच्या संस्थेला कायद्याने विद्यापीठाचा दर्जा मिळाला 1948 मध्ये, आपल्याकडे 1951 उजाडलं.

कर्वे आणि नारुसे, दोघांचं जन्मसाल 1858. भेट मात्र कधी झाली नाही. नारुसे 1919 मध्ये वारले. अण्णा टोकियोचं ते विद्यापीठ पाहायला गेले तेव्हा स्वतः सत्तरी ओलांडलेले होते.

आमच्या मुलुंडच्या सोसायटीत दर ऑगस्टला कुणाचं ना कुणाचं मूल परदेशी शिकायला निघतं. कुकर, थालीपीठाची भाजणी, वजनकाट्यावर चढउतार करणाऱ्या बॅगा. लिफ्टमध्ये आईबापांना एकच प्रश्न विचारला जातो, ‘परत येणार ना?’ त्यात निम्मी काळजी आणि निम्मा टोमणा. पोरगं आलंच आणि सात वर्षं एकच खूळ घेऊन दारोदार फिरू लागलं, तर याच लिफ्टमधले किती जण त्याला बसायला खुर्ची देतील? आणि पैसे देणारी हिरोओकाबाई त्याला भेटेल ती नेमक्या कुठल्या विंगमध्ये?