न मिटणाऱ्या वेशी

दीर्घ ज्वरातून उठल्यावर, पायांत अद्याप त्राण नसताना, आईच्या जीर्ण पवित्र शास्त्रातील प्रकटीकरणाचा 21वा अध्याय मी पुन्हा वाचला, आणि नव्या यरुशलेमेच्या सुवर्णापेक्षा, रत्नखचित पायांपेक्षा, तेथे रात्रच नसल्यामुळे कधीही न मिटणाऱ्या तिच्या 12 वेशींपाशीच माझे मन रेंगाळत राहिले. आमच्या घराचा दरवाजाही, शेवटचे माणूस परतेपर्यंत, आई अडसराविना ठेवीत असे. जुन्या पृथ्वीचे दफ्तर जाळून बहाल केलेला कोरा मुलूख म्हणजे स्वर्ग, असे मला वाटत नाही. पुनरुत्थित प्रभूच्या देहावरही खिळ्यांचे व्रण राहिलेच होते. मग आईच्या हातांवरचे चुलीचे डाग? ते तेथे असतील काय, आणि नसले तर मी तिला कशावरून ओळखीन?