ताबा

कायद्याचे ग्रंथ विरंगुळ्यासाठीं वाचणारा मनुष्य विरळाच. पण मला तो नाद पुष्कळ वर्षांपासून आहे. कथाकादंबऱ्यांत माणसें स्वतः बोलतात; न्यायालयाच्या निवाड्यांत त्यांच्याविषयीं दुसरेच बोलत असतात, आणि आपण ओळींमधून त्यांचा आवाज शोधावयाचा असतो. अलीकडे मी अमेरिकेंतील काउंटींचे तुरुंग आणि त्यांत डांबल्या जाणाऱ्या अल्पवयी मुलांविषयींचे कायदे वाचीत होतों. त्यांतून 'ताबा' हा एकच शब्द मनांत घर करून राहिला.

काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा एक विभाग. तिचा तुरुंग बहुधा लोकांनीं निवडून दिलेल्या शेरीफच्या हातीं असतो. शिक्षा भोगणाऱ्यांपेक्षां खटल्याची वाट पाहणाऱ्यांचीच तेथें गर्दी फार. ज्याचा गुन्हा शाबीत झालेला नाहीं, पण ज्याच्यापाशीं जामिनाचे पैसेही नाहींत, अशांची ती सक्तीची धर्मशाळा होय. प्रौढ मनुष्य तेथें दिवस मोजीत बसतो. मुलाला पुढची तारीख कळत नाहीं, समोर आलेली रात्र तेवढी कळते.

मुलांना या जागेपासून दूर ठेवावें हा विचार जुना आहे. शिकागो शहर ज्या कुक काउंटींत आहे तेथें १८९९ सालीं मुलांसाठीं पहिलें स्वतंत्र न्यायालय उघडलें. न्यायाधीशानें वडिलांच्या मायेनें मुलाला जवळ घ्यावें, ही त्यामागची कल्पना. कल्पना उदात्त खरी. पण वडिलांपुढें कोणी वकील घेऊन जात नाहीं, आणि वडीलही आपल्या निर्णयाचीं टिपणें ठेवीत नाहींत! याचा परिणाम जेरल्ड गॉल्टच्या खटल्यांत दिसला. १९६४ च्या जून महिन्यांत आरिझोना राज्यांतील गिला काउंटींत, एका शेजारणीशीं दूरध्वनीवरून अचकटविचकट बोलल्याच्या आरोपावरून या पंधरा वर्षांच्या मुलाला पकडलें. आईबाप दोघेंही कामावर. मुलाला कोठें नेलें याची चिठ्ठीसुद्धां कोणी घरीं ठेवली नाहीं. संध्याकाळीं आई परतली, तिनें थोरल्या मुलाला धाकट्याच्या शोधास पाठविलें, तेव्हां कोठें पत्ता लागला. तक्रार करणारी बाई न्यायाधीशापुढें एकदांही आली नाहीं, जबान्यांची नोंद झाली नाहीं, वकील तर नव्हताच. आणि एकविसावें वर्ष सरेपर्यंत मुलाला सुधारशाळेंत ठेवण्याचा हुकूम झाला. हाच अपराध प्रौढानें केला असता, तर पांच ते पन्नास डॉलर दंड किंवा फार तर दोन महिने कैद. सहा वर्षें मिळालीं तीं केवळ मायेपोटीं!

१९६७ सालीं सर्वोच्च न्यायालयानें हा निवाडा उलटविला. आरोपाची आगाऊ सूचना, वकील, साक्षीदाराची उलटतपासणी आणि स्वतःविरुद्ध न बोलण्याची मुभा, हे हक्क मुलालाही आहेत असें त्यानें ठरविलें. पुढें १९७४ सालीं संघराज्याचा कायदा झाला. घरांतून पळून जाणें, शाळा चुकविणें, असें जें मोठ्यांनीं केलें तर गुन्हाच नव्हे, त्यासाठीं मुलांना कोंडूं नये, आणि कैदेंतील मुलाचा प्रौढ कैद्यांशीं संबंध येऊं नये, असें त्यानें सांगितलें. १९८० सालीं, मुलांना प्रौढांच्या तुरुंगांत ठेवूंच नये, अशी भर पडली. नोंदणीसाठीं व रवानगीसाठीं सहा तासांची सवलत आहे. पण तेवढ्या वेळांतही प्रौढ कैदी दृष्टीस पडूं नये आणि त्याचा शब्द कानीं येऊं नये. अर्थात् अपवाद आहेतच. शिवाय हा कायदा राज्यांना हुकूम करीत नाहीं. न पाळणाऱ्याचें अनुदान तेवढें कापतो.

सर्वांत मोठी फट होती ती प्रौढ म्हणून खटला भरलेल्या मुलांची. कॅलिफ ब्राउडरला २०१० सालीं न्यूयॉर्कमध्यें एक पिशवी चोरल्याच्या आरोपावरून पकडलें. वय सोळा, तेथील तेव्हांच्या कायद्यानें तो प्रौढच! तीन हजार डॉलरांचा जामीन घरच्यांना जमला नाहीं. शहराच्या रायकर्स बेटावरील तुरुंगांत त्यानें सुमारें तीन वर्षें काढलीं, त्यांतला पुष्कळसा काळ एकान्तकोठडींत. खटला उभा राहिलाच नाहीं. २०१३ सालीं आरोप काढून घेतले. २०१५ सालीं, बाविसाव्या वर्षीं, त्यानें स्वतःच्या घरीं आत्महत्या केली. २०१८ च्या दुरुस्तीनें अशा मुलांनाही प्रौढांच्या तुरुंगांतून हलविण्यास राज्यांना तीन वर्षांची मुदत दिली; न्यायालयानें कारणें नोंदवून परवानगी दिली तरच तेथें ठेवतां येतें.

आपल्याकडे मुंबई इलाख्यांत मुलांचा कायदा १९२४ सालीं झाला. २०१५ चा आपला कायदा तर स्पष्टच सांगतो कीं, मुलाला पोलिसांच्या कोठडींत वा तुरुंगांत कदापि ठेवूं नये. मात्र त्याच कायद्यानें सोळा वर्षांवरील मुलावर घोर अपराधाबद्दल प्रौढ म्हणून खटला चालविण्याची वाटही उघडली. तेव्हां अमेरिकेकडे बोट दाखवून आपण निश्चिंत व्हावें असें नाहीं.

हें सारें वाचतांना मला १९८४ चा एक निवाडा विसरतां येत नाहीं. खटल्यापूर्वीं मुलांना अटकेंत ठेवणें घटनेस धरून आहे असें ठरवितांना, मूल नेहमीं कोणाच्या तरी ताब्यांत असतेंच, असा युक्तिवाद न्यायालयानें केला होता. शब्दाचा अर्थ पाहिला तर तें खोटें नाहीं. पण आपल्या भाषेंतील कोणतीही आई मूल माझ्या ताब्यांत आहे असें म्हणत नाहीं. तें माझ्यापाशीं आहे असें ती म्हणते. ताबा घेऊं पाहणाऱ्याला, मग तो शेरीफ असो वा मायाळू न्यायाधीश, मी दोनच प्रश्न विचारीन: रात्रीं मूल दचकून उठलें तर त्याच्याजवळ कोण जाईल? आणि तें घरीं केव्हां जाणार, हें त्याला कोणी सांगितलें आहे काय?