मोतमावलीची पायरी

आमच्या देव्हाऱ्यात जोगेश्वरीच्या टाकाशेजारी मोतमावलीचं एक लहानसं चित्र आहे. येणारे-जाणारे नातेवाईक ते बघतात, पण विचारत कुणी नाही. परवा नातीने मात्र सरळ विचारलं, "आजी, ही तर चर्चमधली. आपल्या देवांत कशी आली?" तिला दिलेलं उत्तर अर्धवटच राहिलं, म्हणून आज लिहायला बसले.

गोष्ट १९८३ सालची. तेव्हा आम्ही जोगेश्वरी पूर्वेला चाळीत राहत होतो. माझ्या धाकट्याला मेंदूज्वर झाला. सव्वातीन वर्षांचं पोर. मी गुंफेत जाऊन देवीची ओटी भरली, नवस बोलले. आमच्या शेजारी एक ईस्ट इंडियन आजी होत्या. लुगडं नेसायच्या, मराठीच बोलायच्या, पण आगरी-कोळ्यांसारखी, 'ळ'चा 'ल' करून. त्या म्हणाल्या, चल, मावलीकडे जाऊ.

सप्टेंबर महिना होता. ८ सप्टेंबर हा मारियामातेचा जन्मदिवस, त्यानंतरच्या रविवारपासून वांद्र्याची जत्रा आठवडाभर चालते. टेकडीवर ही गर्दी! माउंट मेरीला कोळी लोक मोतमावली म्हणतात. बाहेर मेणाचे हात, पाय, घरं, बाहुल्या विकायला असतात. ज्याचं जे दुखणं, त्याने ते वाहायचं. मी मेणाचं बाळ घेतलं. रांगेत माझ्यासारख्या हळदीकुंकवाच्या कितीतरी बायका होत्या, कुणाला त्याचं काही वाटत नव्हतं.

नवरात्र बसायच्या आत माझं बाळ गेलं.

समाचाराला आलेली माणसं जे बोलतात तेच बोलली. देवाची इच्छा. पूर्वजन्मीचं काही असेल. कुणीतरी हेही म्हणालं, की दुसऱ्यांच्या देवाकडे गेलीस ना? आजी मात्र काहीच बोलल्या नाहीत. दिवसभर माझ्याजवळ बसून राहिल्या. संध्याकाळी उठताना एवढंच म्हणाल्या, "बाय, तिचा पन पोर गेला. तिच्या डोल्यांसमोर."

तेव्हा मला त्या शब्दांचा रागच आला. पुढे वर्ष-दीड वर्ष मी ना गुंफेत गेले, ना वांद्र्याला. शाळेत प्रार्थनेच्या वेळी हात जोडायचे ते मुलांसमोर बरं दिसावं म्हणून.

मग एका सुट्टीत 'स्मृतिचित्रे' पुन्हा वाचायला घेतलं. बी.ए.ला असताना वाचलं होतं ते परीक्षेसाठी. रेव्हरंड ना. वा. टिळकांनी १८९५ साली मुंबईत बाप्तिस्मा घेतला, लक्ष्मीबाईंनी पाच वर्षांनी. तुकारामांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो असं टिळक म्हणत. त्यांनी ख्रिस्ताला माउली म्हटलं, आई आणि गुरू एकाच वेळी. आपल्याला यात नवल वाटायचं कारण नाही. कमरेवर हात ठेवून उभ्या असलेल्या पुरुषाला आपण विठाई म्हणतो, ज्ञानोबांना तर माउलीच म्हणतो.

आजींना मी एकदा विचारलं, मावली म्हणजे तुमची देवीच ना? त्या हसल्या. देवी नव्हे, ती माणूसच. आपलं गाऱ्हाणं ती लेकाच्या कानावर घालते. हा फरक मला तेव्हा बारीक वाटला, आता मोठा वाटतो. पण बायबलमध्येही देवाचं आईपण आहेच. यशया संदेष्ट्याच्या तोंडून देव म्हणतो, आई लेकराचं सांत्वन करते तसं मी तुमचं करीन. आणि पिलांना पंखाखाली घेणाऱ्या कोंबडीची उपमा येशूने स्वतःलाच दिली आहे.

बऱ्याच वर्षांनी भाच्याने दिलेल्या एका पुस्तकात नॉर्विचच्या ज्युलियनबद्दल वाचलं. चौदाव्या शतकातली इंग्लंडमधली बाई. तिच्या आयुष्यात प्लेगने गावंच्या गावं ओस पडली होती. १३७३ साली, तिशीत, मरणाच्या दारात असताना तिला सोळा दर्शनं झाली. त्यांवर लिहिताना ती येशूला आई म्हणते. तिचं म्हणणं असं, की जगातल्या आईच्या हातून तिचं लेकरू जाऊ शकतं, पण ही आई आपल्याला हरवू देत नाही. ते वाचलं आणि पुस्तक मिटून ठेवलं. आजींची ओळ इतक्या वर्षांनी मला कळली. मुलगा वाचवून देण्याचा करार मावलीने माझ्याशी केलाच नव्हता. तिचा स्वतःचा मुलगाही वाचला नाही, ती क्रुसाजवळ नुसती उभी होती. जसं माझ्याजवळ कुणीतरी दिवसभर बसून होतं.

माझं दुःख त्याने संपलं नाही. बाळ आज असतं तर पंचेचाळिशी ओलांडली असती, हा हिशोब मी अजून दरवर्षी करते. पण आपलं माणूस गेलं म्हणून आपल्याला कुणी टाकून दिलेलं नाही, एवढा भरवसा आला. तेवढ्यावर चाललं आहे.

आजी जाऊनही आता बरीच वर्षं झाली. चित्र त्यांचंच, जाताना त्यांनी मला दिलेलं. दर सप्टेंबरला मी वांद्र्याला जाते. गुडघे कुरकुरतात म्हणून टेकडी रिक्षानेच चढते. साधी मेणबत्ती लावते, मागत काही नाही. मेणाची बाळं मांडलेल्या टेबलाकडे अजून बघवत नाही. येताना गुंफेत देवीलाही हात जोडते.

असो. नातीला एवढं सगळं सांगितलं नव्हतं. आता वाचेल. यंदा मीही येणार, असं ती म्हणते आहे. येऊ दे. मेणाच्या बाळांच्या टेबलापाशी कुणी हात धरायला असलं तर बरंच आहे.